मेरितचे कपडे गेले कुठे? देर अल-मदिनातल्या एका जोडप्याच्या कपड्यालत्त्याचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी १९०६. लक्सरच्या समोर, नाईलच्या पश्चिम काठावर देर अल-मदिना नावाची कोरडी घळ आहे, राजांची थडगी बांधणाऱ्या कारागिरांची वस्ती इथेच होती, तिथे अर्नेस्तो स्कियापारेली या इटालियन उत्खननकर्त्याच्या माणसांना डोंगराच्या पायथ्याशी एक बुजवलेला जिना सापडला. खाली दगडांच्या भिंती घालून बंद केलेली वाट, ती फोडून आत गेल्यावर शेवटी एक लाकडी दार, आणि दार अजून बंद. त्या भागाचा सरकारी निरीक्षक आर्थर वायगल तेव्हा हजर होता. दार उघडल्यावर आत चोरांचा हात न लागलेली, साधारण ३४०० वर्षांपूर्वी मांडून ठेवलेली खोली दिसली. पेट्या, खुर्च्या, अंथरूण घातलेले पलंग, भाकऱ्या, तेलाची भांडी, आणि कपडे, कपडे, कपडे.

ही खोली खा आणि त्याची बायको मेरित यांची. खा हा राजाच्या थडग्यांच्या बांधकामावरचा प्रमुख, दुसरा अमेनहोतेप, चौथा थुतमोस आणि तिसरा अमेनहोतेप अशा तीन राजांच्या काळात काम केलेला माणूस, म्हणजे इ.स.पू. १४०० च्या मागेपुढे. राजघराण्यातला नव्हे, पुरोहित किंवा सरदारही नव्हे. हाताखाली कारागीर असलेला, राजाकडून बक्षिसं मिळालेला, आजच्या भाषेत सांगायचं तर वरच्या हुद्द्यावरचा साइटवरचा माणूस. मेरितच्या नावामागे ‘घराची मालकीण’ एवढंच बिरुद येतं. या खोलीतला जवळजवळ सगळा ऐवज आज इटलीत, तुरिनच्या इजिप्शियन म्युझियममधे आहे, चारशेच्या वर वस्तू.

मला हीच केस निवडाविशी वाटली त्याचं कारण सांगतो. प्राचीन इजिप्तच्या पेहरावाबद्दल आपण जे काही बोलतो त्यातलं बहुतेक सगळं भिंतीवरच्या चित्रांवरून आणि पुतळ्यांवरून आलेलं आहे. आणि चित्रकार तर तिथे नियमाने काढायचे, बाई म्हटलं की छातीखालून घोट्यापर्यंत अंगाला चिकटलेला पांढरा झगा, खांद्यावर दोन पट्टे, की झालं. त्या झग्यात बाईला धड पाऊल टाकता येणार नाही, खाली बसणं तर लांबच. आणि खरं म्हणजे असा घट्ट झगा थडग्यांमधनं प्रत्यक्ष कापडाच्या रूपात जवळजवळ मिळालेलाच नाही, जे मिळालेत ते सगळे सैल. तेव्हा चित्र बाजूला ठेवून एका घरातलं खरं कापड बघायचं असेल तर खा आणि मेरितच्या खोलीइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. नवरा-बायको दोघं, एकच घर, एकच काळ, दोघांचं सामान नावानिशी वेगळं, आणि मधे कोणी चोर येऊन गेलेला नाही.

खाच्या पेटीत काय होतं

त्याचे लंगोट डझनावारी आहेत. त्रिकोणी कापड, दोन टोकांना बांधायच्या नाड्या, मागून गुंडाळून पुढे गाठ मारायची आणि तिसरं टोक पायांमधनं वर घ्यायचं. काही लंगोटांबरोबर कमरेला गुंडाळायचं वस्त्र एकत्र बांधून ठेवलेलं, म्हणजे एक सेट उचलला की दोन्ही हातात. मग अंगरखे. या अंगरख्याची शिलाई बघण्यासारखी आहे कारण ती जवळजवळ नाहीच, लांबच लांब कापडाचा तुकडा मधे दुमडायचा, डोक्यापुरतं भोक आणि पुढे एक चीर पाडायची, दोन्ही बाजू हात जायला जागा ठेवून शिवून टाकायच्या. संपलं काम. उन्हाळ्याचे पातळ, थंडीचे जाड, जाडांपैकी काहींच्या कडेला रंगीत विणकाम. (थंडी तिथे पडते बरं का, वाळवंटातल्या डिसेंबरच्या रात्री.) बरोबर चपला, चामड्याच्या आणि वेलीगवताच्या विणलेल्या दोन्ही. आणि वस्तरे, चिमटे, दाढीचं सगळं सामान, कारण त्या समाजात गुळगुळीत दाढी केलेला चेहरा म्हणजे नीटनेटका माणूस, वाढलेली दाढी दिसली की एकतर घरात सुतक आहे किंवा माणूस परदेशी आहे असा अर्थ लागायचा.

आता या कपड्यांच्या ‘कट’मधे काही खास नाही हे लक्षात घ्या. तुतनखामेनच्या थडग्यातही लंगोट मिळाले, शंभरावर, आणि तेही त्रिकोणीच, त्याच नाड्या, तीच बांधायची पद्धत. राजा आणि बांधकामावरचा प्रमुख, दोघांचा आतला कपडा एकाच आकाराचा. फरक कुठे पडतो तर धाग्यात. राजाचं कापड इतकं बारीक की हाताला रेशमासारखं लागावं, मजुराचं जाडंभरडं, आणि खाचं मधे कुठेतरी, त्यातही रोजचं वेगळं आणि चांगलं वेगळं. इजिप्तमधे कोण किती मोठा हे शिंप्याने ठरवलं नाही, कातणाऱ्या बायकांनी आणि विणकरांनी ठरवलं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो कारण फॅशनचा इतिहास लिहिताना आपण नेहमी आकार, लांबी, गळा यांच्याच मागे लागतो आणि मग म्हणतो की इजिप्तमधे हजारो वर्षं काहीच बदललं नाही. बदलत होतं, पण सुतात.

आणि सूत कशाचं, तर जवसाच्या झाडाचं. झाड कोवळं, हिरवं असताना उपटलं तर तंतू मऊ आणि बारीक, पिवळं पडल्यावर उपटलं तर जरा जाड, पूर्ण पिकवून बी धरू दिलं तर दोरखंडाला चालेल असा राठ. म्हणजे बारीक कापड हवं असेल तर पीक लवकर उपटायचं, म्हणजे बियांवर आणि तेलावर पाणी सोडायचं. मग देठ पाण्यात भिजवून कुजवायचे, कुटायचे, तंतू वेगळे करायचे, एकाचं टोक दुसऱ्याला जोडत जोडत लांब करायचे आणि मग चातीवर पीळ द्यायचा. आधीच्या काळात माग जमिनीवर आडवा असायचा, मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली सापडलेल्या लाकडी बाहुल्यांच्या विणकामशाळेत बायका तसल्या मागावर वाकून बसलेल्या दिसतात. खाच्या काळापर्यंत उभा मागही आलेला होता. या जवसाच्या कापडाला, म्हणजे लिननला, रंग पटकन धरत नाही, म्हणून पांढरा. पण हा पांढरा कापडाचा आपोआप आलेला रंग नाही, विणून आलेलं लिनन मळकट पिवळसर असतं, त्याला धुवून धुवून, उन्हात टाकून पांढरं करावं लागतं आणि पुढेही पांढरं ठेवावं लागतं.

इथे खाच्या कपड्यांवरची एक बारीक गोष्ट कामाला येते. त्याच्या कपड्यांवर मालकाची खूण आहे. मेल्यावर बरोबर न्यायला म्हणून नवं कोरं कापड खरेदी केलं असतं तर खूण कशाला केली असती? हे वापरातले कपडे आहेत, धुवायला बाहेर जाणारे आणि परत येताना दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जाऊ नयेत म्हणून खूण केलेले. देर अल-मदिनाला पाणी नव्हतं, विहीर नाही, नदी लांब, पिण्याचं पाणीसुद्धा गाढवांवर लादून आणलं जायचं. त्यामुळे या वस्तीतले कपडे धुवायला खाली पाण्याकाठी जायचे. पुढच्या काळातले, रामसेस राजांच्या वेळचे, दगडाच्या कपच्यांवर आणि खापरांवर लिहिलेले हिशोब या वस्तीत मिळालेत, त्यात धोबी सरकारने नेमलेले, कुठल्या धोब्याकडे कुठली घरं ते वाटून दिलेलं. काही खापरांवर तर अक्षरच नाही, कपड्याचं छोटं चित्र आणि त्यापुढे ठिपके, लंगोट किती, अंगरखे किती, ते ठिपके मोजून समजायचं, वाचता न येणाऱ्यालाही समजेल असं. धुलाईला नेट्रॉन नावाचा क्षार, काठीने बडवणं, दोघांनी धरून पिळणं. एका जुन्या लेखनात निरनिराळ्या कामांचे हाल सांगताना धोबी मगरीच्या शेजारी काठावर कपडे धुतो असं वर्णन आलंय. ते अतिशयोक्तीने लिहिलेलं आहे, लेखनिकाचं काम सगळ्यात बरं हे मुलांच्या मनावर ठसवायला, पण नाईलच्या काठी मगर ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हती. भिंतीवर शुभ्र कपड्यात बसलेला माणूस बघताना हा काठावरचा माणूस आठवायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण चित्रातली शुभ्रता त्याच्या हातची आहे, आणि त्याचं नाव फार क्वचित कुठे येतं.

किमतीचंही थोडं सांगतो. खाच्या नंतर दोन-अडीचशे वर्षांनी याच वस्तीतल्या नोंदींत साधा अंगरखा सहसा ५ देबेनला पडतो, देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम तांब्याचं माप. चपलांचा जोड १ ते २ देबेन. साध्या कारागिराचा महिन्याचा पगार साडेपाच पोती धान्य, चार गव्हाची आणि दीड जवाची, आणि पोत्याला २ देबेन धरले तरी सगळे मिळून ११ देबेनच्या आसपास. म्हणजे एक अंगरखा जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार. आता खाच्या पेट्यांकडे पुन्हा बघा. ती नुसती कपड्यांची पेटी राहात नाही, घरातली मोठी मालमत्ता होते. त्यामुळेच कापड देवघेवीत चालायचं, पगारात मिळायचं, वारसाने यायचं.

आणि मेरित?

इथे या केसमधला खरा पेच सुरू होतो. नवऱ्याचे एवढे कपडे आणि मेरितचा म्हणून ओळखला गेलेला कपडा जवळजवळ एकच, दशा सोडलेला, मोठा, अंगावर ओढून घ्यायचा झगा, त्यावर तेलाचे डाग, म्हणजे अंगाला तेल लावून झाल्यावर घालायचा असावा. बाकी काय मिळालं तिचं? तिचा पलंग, त्यावर नीट घातलेलं अंथरूण. तिचा विग, माणसाच्या केसांचा, बारीक बारीक वेण्या घातलेला, एका उंच लाकडी पेटीत ठेवलेला आणि पेटीवर तिचं नाव. तिची साजशृंगाराची पेटी, आत कप्पे, कप्प्यांत तेला-अत्तराची दगडी भांडी, फणी, केसांचे काटे, काजळाची रंगीत काचेची नळी. आणि लिननचे भरपूर नुसते चौकोनी तुकडे, चादरी, पंचे, पांघरूणं असं म्हणून नोंदलेले.

बाईकडे एवढा विग, एवढी भांडी, आणि कपडा एक? याची उत्तरं दोन दिली जाऊ शकतात. पहिलं उत्तर असं की ती नवऱ्याआधी, तरुणपणीच गेली. शवपेटी तिच्यासाठी तयारच नव्हती, म्हणून खाने स्वतःसाठी करून ठेवलेली पेटी तिला दिली, त्यावर नाव खाचंच आहे, आणि ती तिच्या देहाला मोठी पडली म्हणून भोवती कापडं भरली, त्या कापडांवरही खूण नवऱ्याची. हे सगळं खरं आहे आणि मला तरी या खोलीतली ही सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट वाटते. तर मग असं म्हणता येईल की ती गेली तेव्हा तिचे कपडे घरातल्या मुलीबाळींना दिले, कापड महाग होतं, पुरून कशाला टाकायचं. पटण्यासारखं आहे. पण मग विग का दिला नाही? माणसाच्या केसांचा विग काही स्वस्त नसणार. काचेची काजळाची नळी का दिली नाही, त्या काळी काच ही चैनीची वस्तू होती. पलंगावरचं कापडसुद्धा काढून घेतलं नाही. फक्त तिचे अंगावरचे कपडे तेवढे काढून घेतले आणि बाकी सगळं ठेवलं, हे मला जुळत नाही.

दुसरं उत्तर मला जास्त पटतं. तिचे कपडे तिथेच आहेत, आपण त्यांना चादरी म्हणतोय.

कुठल्याही मराठी घरात हे समजायला वेळ लागू नये. आजीच्या ट्रंकेत घड्या घातलेल्या नऊवारी पातळांचा गठ्ठा कधी साडी न बघितलेल्या माणसापुढे ठेवला आणि म्हटलं याची यादी कर, तर तो काय लिहील? लांब कापड, नग अमुक. बाही नाही, गळा नाही, बटण नाही, म्हणजे कपडा नाहीच. अंगावर नेसल्यावरच ते पातळ होतं, पेटीत ते कापडच असतं. आणि खाच्या काळातल्या बायकांची चित्रं नीट बघितली तर हेच दिसतं, विशेषतः त्या काळापासून पुढे, घट्ट झगा मागे पडत जातो आणि एका मोठ्या तलम वस्त्राचे फेरे घेऊन, एक खांदा झाकून, छातीखाली गाठ मारून नेसलेला पेहराव दिसायला लागतो, पुढे दशा लोंबताना, चुण्या पडलेल्या. ते शिवलेलं नाही. ते सोडलं की सरळ चौकोनी कापड. खाच्या बाजूलाही असंच होतं म्हणा, कमरेला गुंडाळायचं वस्त्र म्हणजे चौकोनच, पण ते त्याच्या लंगोटाबरोबर बांधून ठेवलेलं होतं म्हणून कपडा म्हणून ओळखलं गेलं. मेरितच्या कापडाला असा जोडीदार नव्हता.

यावर आक्षेप येणार आणि तो रास्त आहे, की बायकांचे शिवलेले सैल झगे इजिप्तमधे मिळालेत, त्रिकोणी गळ्याचे, लांब बाह्यांचे, मग मेरितकडे त्यातला एकही का नाही? माझं म्हणणं असं की ते झगे मुख्यतः मेरितच्या कितीतरी आधीच्या काळातले आहेत, तिच्या वेळेपर्यंत पद्धत बदलत होती. शिवाय सगळे तुकडे तिचे नेसायचे कपडेच होते असं मी म्हणत नाही, पलंगावर अंथरलेली चादर ही चादरच. पण पेटीत घडी घालून ठेवलेल्या प्रत्येक चौकोनाला अंथरूण-पांघरूण ठरवून टाकायची घाई शिवलेले कपडे घालणाऱ्या समाजातल्या संशोधकांनी केली, हे मात्र मला स्पष्ट दिसतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तला गेला, त्याने पायाभोवती दशा असलेली लिननची वस्त्रं आणि वरून पांढरी लोकरीची शाल असं वर्णन केलंय, आणि लोकर देवळात नेत नाहीत, मृताबरोबर पुरत नाहीत हेही. म्हणजे एक अख्खा प्रकार, लोकर, थडग्यात आपल्याला जवळजवळ दिसणारच नाही. पुरलेल्या पेटीत काय नाही यावरून घरात काय नव्हतं हे ठरवताना जपून राहावं लागतं ते यासाठीच.

नटणं कशात होतं

कापड सगळ्यांचं पांढरं, आकार सगळ्यांचा साधा, मग नटायचं कशाने? केस, डोळे, तेल आणि दागिने. मेरितच्या पेटीतला विग तेलकट चमक अजून धरून आहे. विग उन्हापासून आणि उवांपासून बचावाला हे ठीक, पण त्याहून जास्त तो दिसण्यासाठी होता, लग्नकार्यात, मेजवानीत, देवाच्या उत्सवात. भिंतीवरच्या मेजवानीच्या चित्रांत बायकांच्या डोक्यावर एक शंकू दिसतो, बरीच वर्षं अभ्यासकांत वाद होता की हा खरोखर होता की नुसती चित्रातली खूण. मग इजिप्तमधल्याच अमार्ना या जुन्या शहरातल्या साध्या माणसांच्या कबरींत डोक्यावर मेणाचे शंकू असलेले दोन सांगाडे मिळाले आणि २०१९ मधे ते प्रसिद्ध झाले. म्हणजे वस्तू खरी होती. नेमका उपयोग काय यावर वाद चालूच आहे, पण ‘असं काही नव्हतंच’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा संपला.

डोळ्यांना आधीच्या काळात हिरवं, मॅलाकाइट नावाच्या तांब्याच्या खनिजाचं, नंतर काळं, गॅलेना या शिशाच्या खनिजाचं. पुरुष, बायका, मुलं सगळे लावायचे. फ्रान्समधे लूव्र म्युझियममधल्या काजळांचं पृथक्करण झालं तेव्हा त्यात शिशाची अशी काही संयुगं मिळाली जी निसर्गात सहज मिळत नाहीत, म्हणजे ती मुद्दाम बनवलेली होती, दिवसेंदिवस पाणी बदलत, धीराने. डोळ्यांच्या विकारांवर उपयोगी म्हणूनही ते वापरायचे. मेरितची काचेची नळी हातात घेऊन बघता आली तर तिच्यात शृंगार कुठे संपतो आणि औषध कुठे सुरू होतं हे सांगता येणार नाही.

तेलाचं तर विचारूच नका. कोरडी हवा, धूळ, ऊन, त्यात तेलाशिवाय कातडी टिकणार नाही. २०२२ मधे पिसा विद्यापीठातल्या लोकांनी याच थडग्यातली बंद भांडी न उघडता पिशव्यांत ठेवून त्यातनं अजून सुटणारा वास यंत्राने तपासला, त्यात मधमाशीचं मेण, सुकी मासळी, फळं यांच्या खुणा मिळाल्या. चौतीस शतकांनंतर वास शिल्लक आहे! आणि तेल, कपडा या गोष्टी किती मूलभूत होत्या याचा पुरावा याच वस्तीत आहे. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या आसपास, खाच्याच वस्तीतल्या कारागिरांनी रसद न मिळाल्याने काम बंद पाडलं आणि जाऊन बसले. त्यांची तक्रार पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, उतरवलेली आहे, तोही तुरिनलाच, त्यात ते म्हणतात आम्ही भुकेने आणि तहानेने इथवर आलोय, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. कपडा आणि तेल यादीत मासे-भाजीच्या आधी. साजशृंगार म्हणून आपण जे वेगळं काढतो ते त्या कामगारांसाठी पगाराचा भाग होतं.

दागिन्यांची गोष्ट वेगळी कारण ते दिसत नाहीत. दोघांच्या ममी आजवर कधीच उघडलेल्या नाहीत, स्कियापारेलीने त्यांच्या पट्ट्या सोडल्या नाहीत आणि ही त्याची मोठी कृपाच म्हणायची. १९६६ मधे एक्स-रे काढले, नंतर सीटी स्कॅन झाले, आणि पट्ट्यांखाली काय आहे ते कळलं. खाच्या गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ आहे, राजाने खूष होऊन द्यायची ती, मानाचं सोनं. कानात मोठ्या रिंगा. इजिप्तमधे पुरुषांच्या कानात दागिने दिसायला लागल्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत त्याचं नाव येतं, म्हणजे वरच्या हुद्द्यावरचा हा माणूस त्या वेळच्या नव्या फॅशनचा होता. मेरितच्या कानात तर प्रत्येकी दोन-दोन, गळ्यात अनेक पदरी रुंद हार, बोटांत अंगठ्या, कमरेला कवड्यांच्या आकाराचे मणी असलेला कमरपट्टा. कवडी हे तिथे बाईच्या संरक्षणाचं, मूल-बाळ नीट होण्याचं चिन्ह. म्हणजे जिच्या पेटीत कपडा सापडत नाही असं आपण म्हणतो ती बाई जाताना अंगावर सोनं घालून गेलीय, नवऱ्याने स्वतःची पेटी देऊन पाठवलीय. तिला नेसायला काही दिलं नाही हे या चित्रात बसतं का? मला नाही वाटत.

शिवाय त्यांचीच चित्रं आहेत. खाच्या ‘मृतांच्या पुस्तका’चा, म्हणजे मेल्यानंतरच्या प्रवासासाठी बरोबर दिलेल्या मंत्रांच्या गुंडाळीचा पपायरस, जवळजवळ १४ मीटर लांब, त्यात दोघं ओसायरिस देवापुढे उभे आहेत, पांढऱ्या वस्त्रात. डोंगरावरच्या त्यांच्या छोट्या प्रार्थनागृहातही दोघं जोडीने बसलेले रंगवलेत. देवापुढे कसं उभं राहायचं हे ठरवताना तिच्या अंगावर जे काढलं, त्याचं कापड खोलीत असणार असं धरूनच यादी परत तपासायला हवी.

तपासायचं कसं, तर त्याला उदाहरण आहे. कैरोच्या दक्षिणेला तारखान इथे १९१३ मधे फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज उत्खननकर्त्याला कापडाचा एक मळका बोळा मिळाला होता, तो लंडनला तसाच पडून राहिला. १९७७ मधे साफ करायला घेतला तेव्हा त्यातनं एक बारीक चुण्यांचा, त्रिकोणी गळ्याचा, बाह्यांचा कपडा निघाला. कोपरापाशी आणि काखेत वळ्या पडलेल्या, म्हणजे कोणीतरी तो खरोखर घातलेला. २०१५ मधे कार्बन चाचणीने त्याचं वय इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ च्या दरम्यान ठरलं, आजवर मिळालेला सगळ्यात जुना विणलेला कपडा. घातलेल्या कपड्याला अंगाच्या वळ्या पडतात आणि हजारो वर्षं राहतात. नेसलेल्या कापडालाही पडणारच, फक्त वेगळ्या जागी. एका कोपऱ्यावर गाठीचा ताण, जिथे गाठ बसते तिथले धागे दबलेले आणि विरलेले. छातीखालून फेरा जातो तिथे आडवी झीज. खालची कड पायाला लागून फाटलेली आणि वरची कड शाबूत. खांद्यावर येणाऱ्या पट्ट्यात अंगाच्या तेलाचा डाग, जसा त्या एकट्या झग्यावर आहे. अंथरलेल्या चादरीची झीज मधोमध होईल, खांद्याच्या आणि टाचेच्या जागी, कडांना नाही. तुरिनमधल्या मेरितच्या चौकोनी कापडांची लांबी-रुंदी, दशा कुठल्या बाजूला सोडल्यात आणि झीज कुठे आहे हे एका ओळीत मांडून बघितलं, तर त्यातली अंगावरची कुठली आणि पलंगावरची कुठली हे वेगळं काढता येईल, आणि माझा अंदाज आहे की अंगावरच्यांचा ढीग मोठा निघेल.